राखेचा हिशोब



आज आपण राखेवर बोलणार आहोत. विषय ऐकून हसू आलं असेल. पण आपल्या वऱ्हाडात राख कधी टाकाऊ नव्हती. माझ्या आजीच्या घरी चुलीतली राख चाळून डब्यात भरून ठेवलेली असायची. तिनं पितळेची भांडी लखलखीत निघायची. गोवरीची राखुंडी दाताला लागायची. तुरीच्या, मुगाच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख मिसळून मडकं भरून ठेवायचं. उरलेली उकिरड्यावर, आणि तिथून शेतात. आजी एकच गोष्ट बजावायची, "राख वाऱ्यावर नोको उडवू वं पोरी, कोनाच्या डोयात जाईन."

आपली राख आपणच सांभाळायची, दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ द्यायची नाही, हा तिचा कायदा. आज चूल गेली, गॅस आला, घरात राख उरली नाही. पण खरंच उरली नाही का? कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात शेकडा ३० ते ४० भाग राख असते. म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ पाव किलो राख. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराच्या नावावर २५ किलोचं एक पोतं. ते आपल्या अंगणात पडत नाही, एवढंच. ते दुसऱ्या कुणाच्या तरी गावात पडतं.

ते गाव कोणतं, हे आपल्याला लांब शोधायला नको. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारस आहे. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव. १९६० च्या दशकात तिथं वीजकेंद्राचे पहिले छोटे संच उभे राहिले. पुढं ते जुने झाले, बंद पडले आणि २००८ ते २०१० च्या सुमारास २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले. हे दोन्ही संच पूर्ण ताकदीनं चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज. वरच्याच हिशोबानं रोजची राख सुमारे तीन हजार टन. अमरावतीजवळ नांदगाव पेठला तर १,३५० मेगावॅटचा खाजगी प्रकल्प उभा राहिला.

या राखेचे दोन प्रकार. जड राख भट्टीच्या तळाशी बसते. हलकी राख धुराबरोबर वर जाते. ती धुराड्यातून बाहेर पडण्याआधी यंत्रानं पकडायची असते. एकूण राखेत हीच जास्त, शेकडा ८० च्या आसपास. पिठापेक्षा बारीक. हिच्यात वाळूचा अंश असतो, आणि थोड्या थोड्या प्रमाणात आर्सेनिक, शिसं, पारा असली द्रव्यंही असतात. पाण्यात कालवून ही राख नळानं मोठ्या तळ्यात सोडतात. त्याला राखेचा बंधारा म्हणतात. बंधारा नीट नसेल तर पावसाळ्यात झिरपून विहिरीत, आणि उन्हाळ्यात वाळली की वाऱ्यानं घरात. आजीची भीती खरी ठरते.

आता मुद्द्यावर येते. ही राख कुठं टाकायची, कशी टाकायची, हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं का?

पारसचे पहिले संच आले तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. जमीन घेताना १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली हरकत घेता यायची. पण ती ज्याचा जमिनीत हक्क त्याला. सातबाऱ्यावर बाईचं नाव कितीसं असायचं? आणि विहिरीच्या पाण्याचं काय होईल, वाळवणावर काय पडेल, हे विचारायला तर कायद्यात जागाच नव्हती. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूनं हजारो माणसं गेली, तेव्हा कुठं १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्याखाली १९९४ मध्ये मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणाची मंजुरी घेणं बंधनकारक झालं, आणि १० एप्रिल १९९७ ला त्यात जनसुनावणी आली. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आली होती, तेव्हा हा दरवाजा उघडला.

२००६ च्या अधिसूचनेनं सुनावणीची रीत आणखी स्पष्ट केली. किमान ३० दिवस आधी जाहिरात, तीही एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ. अध्यक्ष जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. आणि शेवटी, बायांनो, हे लक्षात ठेवा, लोक काय बोलले त्याचा गोषवारा तिथंच, लोकांच्या भाषेत, मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्याच दिवशी त्यावर सही.

या शेवटच्या कलमाचं मोल मला एका सुनावणीत कळलं. गावाचं नाव घेत नाही. मांडव होता, पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, बाया मागं उभ्या. एक म्हातारी माइकपर्यंत गेली आणि आपल्या बोलीत विहिरीच्या पाण्याबद्दल, बदललेल्या चवीबद्दल सांगून आली. शेवटी गोषवारा वाचला तर त्यात एवढंच, "महिलांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली." म्हातारी तिथूनच ओरडली, "म्या इहिरीचं सांगतलं व्हतं सायेब, ते कोठी हाये?" मांडवात हशा पिकला. पण साहेबांना विहीर लिहावी लागली. 'चिंता' या शब्दाला पुढं कुणी उत्तर देत नाही. विहिरीला द्यावं लागतं, कारण नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीवर प्रकल्पवाल्यानं अंतिम अहवालात उत्तर द्यायचं असतं.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. गावानं नाही म्हटलं म्हणून प्रकल्प थांबतोच असं नाही. तज्ज्ञ समिती सगळं बघून शिफारस करते, मग सरकार ठरवतं. शिवाय सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसं आली तरी ती सुनावणीच. म्हणजे आपण गेलो नाही तर सुनावणी रद्द होत नाही, फक्त आपल्याशिवाय होते.

नांदगाव पेठच्या वेळी अमरावतीकरांनी हे अनुभवलं. तिथं सगळ्यांत पुढं आला तो पाण्याचा प्रश्न. ऊर्ध्व वर्धा धरणातलं वर्षाला ८ कोटी ७६ लाख घनमीटर पाणी प्रकल्पाला द्यायचं ठरलं. सिंचनाचा अनुशेष सोसणाऱ्या जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं. पाणी जाताना दिसतं, म्हणून त्यावर गाव पेटून उठतं. राख हळूहळू साचते, म्हणून तिचा प्रश्न मागं राहतो.

प्रकल्पाची सुनावणी हा एक दरवाजा. दुसरा दरवाजा आपल्याला फारसा माहीतच नाही. राखेचे नियम सगळ्या देशासाठी केंद्र सरकार करतं. नियम पक्का करण्याआधी त्याचा मसुदा राजपत्रात छापतात आणि ६० दिवसांत कुणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतं. कुणीही. सातबारा लागत नाही, पदवी लागत नाही.

राखेचा पहिला मोठा नियम असाच आला. मे १९९८ मध्ये मसुदा आणि १४ सप्टेंबर १९९९ ला अधिसूचना. तिच्यामागचा विचार आपल्या काळ्या मातीशी नातं सांगणारा होता. विटाभट्ट्या शेतातली वरची सुपीक माती खातात आणि इकडं राखेचे डोंगर साचतात. मग वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या विटाभट्ट्यांनी विटेत किमान २५ टक्के राख मिसळावी आणि वीजकेंद्रानं ती फुकट द्यावी. पुढं हे अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३०० झालं. मुदती मात्र पुन्हा पुन्हा वाढल्या.

मग आलं २०२१. कोरोनाची दुसरी लाट राज्यात आधी आपल्याकडं उसळली. फेब्रुवारीतच अमरावती आणि अचलपूर शहरांना टाळं लागलं, अकोल्यातही निर्बंध आले. एप्रिलमध्ये आपण प्राणवायूसाठी, खाटेसाठी धावत होतो. त्याच २२ एप्रिल २०२१ ला राखेच्या नव्या नियमांचा मसुदा राजपत्रात छापून आला. ६० दिवसांचं घड्याळ सुरू झालं. राजपत्र हिंदीत आणि इंग्रजीत. त्या दोन महिन्यांत वऱ्हाडातल्या कोणत्या बाईनं ते वाचलं असेल?

३१ डिसेंबर २०२१ ला नियम पक्का झाला. त्यात चांगलंही बरंच आहे. सगळी राख ठरलेल्या मुदतीत वापरात आणायची, न वापरलेल्या राखेवर टनामागं १,००० रुपये भरपाई, साठलेल्या जुन्या राखेचाही निकाल लावायचा, आणि किती राख निघाली, किती वापरली, याची माहिती दरमहा जाहीर करायची. पण बंधाऱ्याखालच्या विहिरींबद्दल जे आपण सांगितलं असतं, ते आपण सांगितलंच नाही.

लोक बोलले की फरक पडतो का? अमेरिकेतलं उदाहरण सांगते. तिथं १९८० पासून कोळशाच्या राखेला घातक कचऱ्याच्या कायद्यातून बाजूला ठेवलं होतं. २२ डिसेंबर २००८ च्या रात्री टेनेसी राज्यात किंग्स्टन इथं राखेचा बंधारा फुटला आणि ३०० एकरांवर चिखल पसरला. सरकारनं २०१० मध्ये नियमाचा मसुदा काढला, आठ शहरांत सुनावण्या घेतल्या आणि साडेचार लाखांवर लेखी मतं आली. २०१४ च्या शेवटी नियम झाला. राखेला 'घातक' ठरवा ही मागणी मान्य झाली नाही. पण नव्या तळ्यांना अस्तर, भूजलाची तपासणी आणि तिचे आकडे सगळ्यांना बघता येतील असे जाहीर करणं, एवढं पदरात पडलं.

आपल्या विदर्भातही १६ जुलै २०२२ ला कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. म्हणजे ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची नाही.

आणि भाषेचं म्हणाल तर तोही झगडा झालेला आहे. २०२० मध्ये सुनावणीचेच नियम बदलणारा मसुदा आला. त्यात सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचं घाटत होतं. तो सगळ्यांना समजेल अशा भाषांत नाही, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. ३० जून २०२० ला न्यायालयानं तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. लाखो लोकांनी हरकती पाठवल्या. मराठीत मागायचा हक्क आहे, हे त्यातून शिकायचं.

मग आपण काय करायचं? सुनावणीची जाहिरात दिसली तर बचत गटाच्या बैठकीत ती वाचा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. तिथं राखेचा, विहिरीचा विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. बोलाल तेव्हा 'प्रदूषण होतं' एवढंच बोलू नका. कोणती विहीर, कोणत्या महिन्यापासून, किती घरं, हे सांगा. लेखी द्या आणि पोच घ्या. गोषवारा वाचून होईपर्यंत मांडव सोडू नका.

आजी राख चाळायची तेव्हा आधी निखारा विझला का ते बोट लावून बघायची. राख थंड दिसली तरी आत विस्तव असतो, तिला ठाऊक होतं. वीज आपल्याला हवी आहे, मलाही हवी आहे, हा रेडिओ तिच्यावरच चालतो. म्हणून त्या पंचवीस किलोच्या पोत्याची विचारपूसही आपणच करायची. आपल्या दिव्याची राख पारसच्या किंवा नांदगाव पेठच्या एखाद्या बहिणीच्या डोळ्यात जाता कामा नये.