चॉकलेट, मैत्रिणी आणि लोकमत

चार बायका एकत्र बसून काही गोडधोड खाऊ-पिऊ लागल्या, की त्यांच्याविषयी मत देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. हे मत त्या पदार्थाविषयी आहे असे वरवर भासते. खरे म्हणजे ते त्यांच्या एकत्र बसण्याविषयी असते. चॉकलेटचा इतिहास चाळताना मला याची मोठी गंमत वाटली, आणि त्या गमतीच्या तळाशी थोडा कडवटपणाही लागला. मूळचे चॉकलेट कडूच असते म्हणा!

आज आपण चॉकलेट खातो. परंतु ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी १८४७ साली त्याची वडी पाडली तोवर युरोपात ते मुख्यतः प्यायचे पेय होते. मेक्सिकोतून स्पेनमध्ये आणि तेथून सर्वत्र ते पसरले, ते पेल्यातूनच.

त्या पेल्यावरून उठलेले एक वादळ टॉमस गेज नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १६४८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. आज मेक्सिकोत असलेल्या च्यापास प्रांतातील एका शहरी तो काही काळ राहिला होता. तेथील स्पॅनिश घराण्यांतल्या बायका चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दासींकडून गरम चॉकलेट मागवीत. पोट नाजूक, इतका वेळ निभत नाही, ही त्यांची सबब! बिशपांनी दाराशी हुकूम लावला: येथे जो खाईल-पिईल तो धर्मबहिष्कृत. बायकांनी काय करावे? त्या बिशपांचे चर्च सोडून सरळ मठांतल्या प्रार्थनांना जाऊ लागल्या. पुढे बिशप आजारी पडून वारले. तेव्हा चॉकलेटमधूनच विषप्रयोग झाला अशी कुजबुज गावभर झाली, असे गेज सांगतो. कुजबुजीचे खरेखोटे आपण बाजूस ठेवू. परंतु कुलीन बाईला कोणी ‘कुठे निघालीस?’ असे न विचारता घराबाहेर पडता येईल, अशी जागा त्या काळी चर्चखेरीज फारशी नव्हती. म्हणून मला वाटते, त्या बायकांचा हट्ट पेल्यापुरता नसावा. एकमेकींच्या शेजारी निवांत बसण्याचाही असावा.

चॉकलेट उपवासाला चालते की नाही, यावर तर पंडितांचे वाद झडले. आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने १६३६ साली माद्रिदमध्ये याच प्रश्नावर अख्खा ग्रंथ छापला. वाचकांनी हसू नये. बटाटाही अमेरिकेचाच, तो मात्र आपल्या उपवासाला बिनतक्रार चालतो!

आता फ्रान्समध्ये येऊ. मादाम द सेव्हिन्ये हिची लेक १६७१ च्या फेब्रुवारीत पॅरिस सोडून नवऱ्याकडे दूर प्रोव्हान्सला गेली, आणि आईची पत्रे सुरू झाली. प्रकृती बरी नसेल तर चॉकलेट घे, पण तुझ्याकडे ते करायचे भांडे नाही, आता कसे करशील, ही पहिली काळजी. दोन महिन्यांत मत फिरले: चॉकलेट वाईट. लेक गरोदर असताना तर, चॉकलेटच्या अतिरेकाने कोणा उमरावाच्या बायकोला काळे मूल झाले, ही अफवाही आईने कळवली. आणि त्याच ऑक्टोबरात पुन्हा चॉकलेटशी समेट! मते सारखी बदलली. पत्रे मात्र थांबली नाहीत. चॉकलेट हे निमित्त होते. भांड्याची ती चौकशी म्हणजे आईचा जीव होता.

याच मादामची जिवलग मैत्रीण मादाम द लाफायेत. १६७८ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेली ‘ला प्रिन्सेस द क्लेव्ह’ ही कादंबरी तिची मानली जाते. तीत नायिका आपले मन दुसऱ्यावर गेल्याचे स्वतः नवऱ्याला सांगते. तिने हे योग्य केले काय, असा सवाल ‘मर्क्यूर गालाँ’ या नियतकालिकाने वाचकांस केला, आणि पत्रांचा पाऊस पडला. तिने गप्प राहायला हवे होते, असाच बहुतेकांचा सूर होता. बाईने मनातले कोठे बोलावे, हे ठरवायला तेव्हाही सगळे तयारच होते.

लंडनमध्ये चॉकलेट विकायला आले १६५७ साली. १६९३ मध्ये निघालेले ‘व्हाइट्स’ हे चॉकलेटगृह पुढे बड्या पुरुषांचा क्लब बनले. बायकांना तेथे आजही सभासद होता येत नाही. १६७५ च्या अखेरीस दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफी, चॉकलेट, चहा विकणारी ही गृहे बंद करण्याचे फर्मान काढले, आणि ओरड होताच थोड्याच दिवसांत मागे घेतले. पुरुष पेल्याभोवती जमले तर राजाने ते राजकारण समजून घाबरावे. बायका जमल्या तर तो नखरा!

त्याच लंडनमध्ये कॅरोल मॅथ्यूज यांच्या ‘द चॉकलेट लव्हर्स क्लब’ (२००७) या हलक्याफुलक्या कादंबरीतल्या चौघीजणी चॉकलेटच्या एका दुकानात आपला क्लब थाटतात. एकीचा प्रियकर पुन्हापुन्हा फसवणारा, दुसरीचा नवरा जुगारी, तिसरीचा भाऊ व्यसनी, चौथीचा संसार थंड पडलेला. आमच्या नात्यागोत्यात हे पुस्तक फिरले आणि दोन तट पडले. एका काकांनी ‘पोरकट!’ म्हणून ते मिटले. वहिनी म्हणाल्या, ‘ती ल्यूसी त्या मेल्याला कितीदा क्षमा करते? मला तर रागच आला.’ यावर आमची मावशी, जिच्या संसाराची फरपट साऱ्या घराला ठाऊक आहे, एवढेच म्हणाली, ‘अगं, पण तिला जाऊन रडायला एक जागा तर आहे.’

या कादंबरीवर इतके नेमके मत मी कोठे वाचले नाही. पुस्तक हलकेच आहे. प्रसंग ओढूनताणून आणलेले आहेत, हेही कबूल. परंतु चार जणींचे ओझे एका टेबलावर मांडायचे, तर टेबलावर काहीतरी गोड ठेवावेच लागते. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या तबकाने हेच काम केले नाही काय?

तेव्हा या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती घरातल्या बायका जरा जास्तच वेळ रेंगाळल्या, हसता हसता त्यांचा आवाज मध्येच खाली गेला, तर चकलीवर मत द्यायला आत जाऊ नये. त्यांना बसू द्यावे.