बबल स्नेल म्हणजे काय? नाव शंखावरून, पण नाते शरीरावरून

नेरूळच्या पाम बीच रोडपलीकडे खाडीला ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. त्यावर चरणाऱ्या फ्लेमिंगोंचे व्हिडिओ दरवर्षी व्हायरल होतात. चिखलातले छोटे जीव मात्र क्वचितच कोणाच्या कॅमेऱ्यात येतात. जगभरातल्या खाड्यांच्या चिखलात, वाळूत आणि समुद्री गवतात राहणारा असाच एक जीव म्हणजे बबल स्नेल, बुडबुड्यासारखा शंख असलेली समुद्री गोगलगाय.

(घरच्या फिशटँकमध्ये आपोआप वाढणाऱ्या गोगलगायींनाही काही जण बबल स्नेल म्हणतात. त्या गोड्या पाण्यातल्या, वेगळ्या आहेत.)

कशी ओळखायची?

शंख पातळ, गोलसर आणि फुगीर असतो. अनेक जातींत शरीर इतके मोठे असते की ते शंखात पूर्ण मावतच नाही. डोक्यावर ढालीसारखा चपटा, मांसल भाग असतो. नांगराच्या फाळासारखा तो वापरून ही गोगलगाय चिखलात घुसते.

खाते काय?

बुला अँपुला ही जात शैवाल खाते. ती दिवसा वाळूत लपते आणि रात्री बाहेर पडते. फिलिनसारखे गट मांसाहारी आहेत. पोटातल्या कठीण पट्ट्यांनी ते छोटे शिंपले चिरडतात. बबल स्नेल उभयलिंगी असतात. अंडी जेलीसारख्या गोळ्यात किंवा दोरीत घालतात.

वर्गीकरणाचा गोंधळ

लॅटिनमध्ये ‘बुला’ म्हणजे बुडबुडा. १७५८ मध्ये लिनियसने फुगीर शंखांना ‘बुला’ हे नाव दिले. त्यात कवडीच्या नात्यातला एक शंख आला आणि आफ्रिकेतली जमिनीवरची मोठी गोगलगायही आली! आपल्या बागा फस्त करणारी आफ्रिकी गोगलगाय तिचीच नातलग.

पुढे शरीररचना आणि नंतर डीएनए तपासल्यावर खरी नाती कळली. बुला, फिलिन आणि हॅमिनिया ‘सेफॅलॅस्पिडिया’ या गणात राहिले. गुलाबी झालरीची देखणी हायडॅटिना डोक्यावर ढाल असूनही वेगळ्या शाखेतली निघाली. म्हणजे सारखा शंख किंवा सारखी ढाल हा नात्याचा पुरावा नाही.

उलट, बाहेरून शंख न दिसणारा जीवही याच गणातला असू शकतो. दिघा (पश्चिम बंगाल) आणि उदयपूर (ओडिशा) येथील किनाऱ्यांवर सापडलेली, जेमतेम ७ मिलिमीटरची ‘मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी’ त्यांपैकीच. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने तिला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचे नाव दिले. तिचा शंख शरीराच्या आत असतो.

नेरूळशी काय संबंध?

चिखलातले जीवन भरती-ओहोटीवर चालते. पाणी आले तरच शैवाल, अन्न आणि अनेक जीवांची पिल्ले पोहोचतात. पाण्याची वाट बुजली तर आधी हे छोटे जीव संपतात आणि मग त्यांच्यावर जगणारे पक्षी. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. नेरूळच्या डीपीएस तलावाला संवर्धन राखीव दर्जा देण्यास २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पण कागदावरच्या दर्जाइतकीच पाण्याची वाट मोकळी राहणे गरजेचे आहे.

दिसली तर काय कराल?

उचलू नका. चिखलात उतरण्याऐवजी काठावरूनच पाहा. रिकाम्या शंखापेक्षा जिवंत प्राण्याचा फोटो मोलाचा, कारण खरी ओळख शरीरावरून पटते. डोके, पाठ आणि शंख दिसेल असा फोटो तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाका. मुंबईच्या किनाऱ्यांवर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशाच नोंदी करत आहे.