तळणीचे ग्रहण आणि न दिसणारे विश्व

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१६ फेब्रुवारी १९८० ची दुपार मला चांगली आठवते. अकोल्यात सूर्यग्रहण खंडग्रासच दिसणार होते, पण आमच्या आळीतल्या खिडक्या सकाळपासून बंद. आजीने पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवले आणि आम्हा पोरांना घरात कोंडले. "भाईर जाशीन तं डोये जातीन," ती म्हणाली. टिनाच्या एका भोकातून जमिनीवर रोज गोल कवडसा पडायचा. त्या दुपारी तो चंद्रकोरीसारखा झाला. मी तेवढेच ग्रहण पाहिले.

पुढे वाचनात आले, की त्याच्या ८२ वर्षे आधी ग्रहण पाहायला माणसे सातासमुद्रापलीकडून आपल्या वऱ्हाडात आली होती!

ते २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण, पौष अमावास्येचे. खग्रास पट्टा कोकणातून तिरपा नागपूरच्या दिशेने गेला. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर होते, सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. आणि अमरावती जिल्ह्यात, धामणगाव व पुलगाव यांच्या मधल्या तळणी या छोट्या स्टेशनाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी दुर्बिणी मांडल्या होत्या. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार पडला.

त्या मंडळींत अ‍ॅनी माँडर ही बाई होती. केंब्रिजला गणित शिकली, पण तिथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. १८९१ पासून ग्रीनिचच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर आकडेमोड केली. १८९५ मध्ये लग्न झाले आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. तळणीला ती स्वतःचा कॅमेरा घेऊन आली. तिने टिपलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडळाचा एक झोत जवळजवळ ६० लाख मैल लांब गेलेला दिसला. एवढा लांब झोत तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

हे प्रभामंडळ रोजच असते, सूर्याच्या झगमगाटात ते आपल्याला दिसत नाही एवढेच. त्याच्या प्रकाशात एक अनोळखी हिरवी रेषा सापडली होती. पृथ्वीवर नसलेले हे मूलद्रव्य असावे म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला 'कोरोनियम' असे नावही देऊन टाकले. १९४० च्या सुमारास कोडे सुटले. ते निघाले लोखंडच, फक्त लाखो अंश तापलेले! म्हणजे विळ्या-पावशीत आहे तेच द्रव्य तिथेही आहे.

मग सारे विश्व याच द्रव्याचे आहे का? १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना शंका आली. एका दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरे पडत नव्हते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे मोजमाप प्रसिद्ध केले. तिच्या कडेचे तारे मंद फिरायला हवे होते, पण त्यांचा वेग कमी होत नव्हता.

ज्वारी राखताना गोफण फिरवलेल्यांना हे लगेच कळेल. दगड जितका जोरात फिरवावा, तितकी दोरी पक्की लागते. दोरी कच्ची आणि दगड तरीही सुटत नाही, असे झाले तर? दुसरी न दिसणारी दोरी आहे, असेच म्हणावे लागेल. ती दोरी म्हणजे कृष्णद्रव्य. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही, केवळ ओढीवरून त्याचा पत्ता लागतो. आजच्या हिशेबाने तुम्ही-आम्ही, कपाशी, तारे, वायू, सारे साधे द्रव्य मिळून विश्वाचा जेमतेम ५ टक्के वाटा. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के, आणि उरलेली कृष्ण ऊर्जा. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. यावेळी लोखंड निघणार नाही, एवढे मात्र बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

आजीचे अर्धे बरोबर होते. उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहिला तर डोळे खरोखर जातात. पण त्यासाठी दार लावून बसायचे कारण नव्हते. ग्रहणाचा चष्मा असला, निदान टिनाचे भोक असले, तरी भागते.

आता नागपूरला जाताना धामणगाव मागे पडले, की मी नातवाला खिडकीशी बसवतो. गाडी तळणीला थांबत नाही, क्षणात स्टेशन निघून जाते. मग मी त्याला त्या दोन मिनिटांच्या अंधाराची गोष्ट सांगतो. ती संपते तोवर वर्धा नदीचा पूल येतो.