बाबुलचा हिशेब

आम्ही पडलो कॉमर्सवाले. गाण्यातसुद्धा आधी जमा-नावे पाहणारे. सैगलनं १९३८च्या 'स्ट्रीट सिंगर'मध्ये गायलेलं 'बाबुल मोरा' ऐकून मंडळी डोळे पुसायची, तेव्हा मी विचारलं होतं, "मुलगी सासरी निघाली, यात एवढं रडायचं काय?"

आमच्या हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलगी कुठली, अहो! ही ठुमरी नबाब वाजिद अली शाहची. १८५६ साली कंपनी सरकारनं अवध खालसा केलं, नबाबाची रवानगी कलकत्त्याला. माहेर म्हणजे लखनौ!"

नबाबाला वर्षाला बारा लाख तनखा होता, हे वाचल्यावर माझी सहानुभूती जरा आटली. पण १८८७ साली तो कलकत्त्यातच, मटियाबुर्जला वारला. लखनौ पुन्हा दिसलंच नाही. बारा लाखांत तेवढं बसत नव्हतं.

शेजारच्या भजनीबुवांनी तिसराच अर्थ काढला. "डोली उचलणारे चार कहार म्हणजे शेवटचे चार खांदेकरी. माहेर म्हणजे हा देह!" झालं! एकाच गाण्याच्या नावानं तीन खाती!

गेल्या वैशाखात आमच्या मुलीचं लग्न झालं. डोलीऐवजी मोटार, चार कहारांऐवजी एकटा ड्रायव्हर. रात्री सैगल लावला. ना लखनौ आठवलं, ना खांदेकरी. दोरीवर तिची ओढणी तशीच राहिली होती.

बाबुल म्हणजे बाप. म्हणजे मी. एवढा सरळ अर्थ मला इतक्या वर्षांत कोणी सांगितला नव्हता.