उलटी आटी

दिवाळीला धाकटा नातू पुण्याहून आला तो दोन मोठाली खोकी घेऊन. फराळाचे ताट पुढे केले तर म्हणतो, "आजोबा, आधी सायकल." एका खोक्यात काळी कुळकुळीत फ्रेम, दुसऱ्यात चाके, चिमटा, चेन, नट-बोल्ट, सगळे वेगवेगळ्या पिशव्यांत. ओट्यावर माझे जुने धोतर अंथरून त्याने सारा संसार मांडला. फ्रेम मी एका हाताने उचलली आणि दचकलोच. किलो-सव्वा किलोची असेल! आमच्या घरातली पितळी परात याहून जड आहे.

ही कार्बनची हार्डटेल माउंटन बाईक. हार्डटेल म्हणजे पुढच्या चिमट्यात दणके झेलायची सोय, मागे काही नाही, मागचे सगळे ताठ. ती आयती घ्यायची नाही. एकेक भाग निवडून, आपल्या उंचीला नि पायाच्या लांबीला बेतून जुळवायची. 'कस्टम बिल्ड' म्हणतात म्हणे त्याला. नातवाच्या मते ही फार नवी गोष्ट. मला हसू आले, कारण माझ्या तरुणपणी न जुळवलेली सायकल मी पाहिलीच नव्हती.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे चांगली सायकल म्हणजे विलायती. रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस. मग १९४९ मध्ये मद्रासकडे टी.आय. सायकल्स निघाली, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. तो आणि आसनसोलचा सेन-रॅले सरकारने १९८० मध्ये कायदा करून ताब्यात घेतले. पण कारखान्यांची नावे मोठी असली तरी सायकलीचे बरेचसे भाग लुधियानाच्या छोट्या छोट्या वर्कशॉपांत तयार होत, कारण सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेले होते. दुकानात सायकल यायची ती खोक्यातून, सुटी. तिला उभी करायचा तो मिस्त्री.

मी १९७४ साली मास्तर म्हणून या डोंगरावर आलो तेव्हा जिवती हा राजुरा तालुक्यातला कोपरा होता. (राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. त्यामुळे जुने लोक 'निजामाच्या वेळी' म्हणत ते आमच्याकडे अगदी कालपरवाचे वाटे.) सायकल राजुऱ्याला जुळवून घेतली. दुकानदार एखाद्या लग्नाच्या यादीसारखे विचारत होता. फ्रेम कोणती? चेन? टायर डनलपचा? डायनमो मिलरचा? पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण ओझे मागे. मिस्त्रीने माझ्या काखेत हाताचा अंगठा लावून बोटे सीटकडे नेली, मान हलवली आणि सीट दोन बोटे खाली घेतली. तेवढेच माझे 'कस्टम'. वीसेक किलोचे ते धूड घेऊन मी घाट चढायचो, म्हणजे सायकल चढायची आणि मी ढकलायचो. उतरताना मात्र जीव मुठीत. पावसात दांड्याचे ब्रेक लागतच नसत, रबर नुसते रिमवर घसरे. आम्ही कॅरिअरला सुतळीने झाडाची मोठी फांदी बांधायचो आणि ती फरफटत खाली यायचो.

ही फांदी आठवायचे कारण म्हणजे माउंटन बाईकचा जन्म. मला वाटत होते की तो कुठल्यातरी प्रयोगशाळेत झाला असेल. तो झाला भंगारात! कॅलिफोर्नियात तामल्पाइस डोंगराच्या आसपास १९७० च्या दशकात काही पोरे १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली मिळवत, मडगार्ड-बिडगार्ड काढून टाकत आणि डोंगरावर घेऊन जात. फेअरफॅक्स गावाजवळ वणवा विझवण्यासाठी केलेला एक कच्चा रस्ता आहे. आपल्याकडे जंगलात जाळरेषा असतात ना, त्यातलाच प्रकार. साडेतीन किलोमीटरच्या आत तेराशे फुटांचा उतार. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. या सायकलींना पॅडल उलटे मारून लागणारा मागचा ब्रेक असे. तळाशी पोचेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दरवेळी हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरूनच उताराचे नाव पडले 'रिपॅक'. म्हणजे जगातल्या या प्रसिद्ध शर्यतीचे नाव मिस्त्रीच्या कामावरून आहे.

पुढे जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची फ्रेम घडवली. ती पहिली सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन, त्यावर भाग जुळवून सायकली विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली आणि मग कारखान्यांचे राज्य सुरू झाले. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा दणके झेलणारा चिमटा, १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक.

चाकाची एक गंमत सांगतो. माउंटन बाईकचे चाक पुष्कळ वर्षे २६ इंची होते. कारण काय, तर त्या भंगारातल्या श्विनचे चाक २६ इंची! नंतर शोध लागला की मोठे चाक दगडधोंड्यावरून सोपे जाते, आणि २९ इंची आले. नातू मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी टेप आणली. टायर बसतो तिथे त्याच्या '२९'च्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आणि माझ्या जुन्या '२८'चा ६३५! इंचाचे आकडे टायरच्या जाडीसकट धरलेले, त्यामुळे हा घोळ. पण मोठ्या चाकाचा शोध लागण्याआधी आम्ही तेच ढकलत होतो, एवढे नोंदवून ठेवतो.

आता त्या दिवसाचे. नातवाने क्रँकचा कप बसवायला घेतला. सायकल उलटी ठेवलेली, त्यात मोबाइलवर व्हिडिओ. उजवे-डावे उलटे झाले. कप थोडा फिरला आणि अडला. त्याने जोर लावला. समोरच्या टपरीतून आमचे मिस्त्री बघत होते. हे गृहस्थ बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आई-बापांबरोबर इथे आले. तेव्हाची लहान पोरे आज आमच्या बरोबरीची म्हातारी झाली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, त्यांच्यावर टपरी चालते. ते तिथूनच ओरडले, "थांब रं दादा! चेनीकडची आटी उलटी असती!"

नातू थांबला. पाचेक मिनिटे कोणी बोलले नाही. कप हळूच काढून बघितला तर आतल्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या आट्या शाबूत. आणखी अर्धा फेरा बसला असता तर सगळ्या महागाईची फ्रेम वाया जाती. मग मिस्त्रीने तो कप चेनीच्या बाजूला धरला, बोटांनीच उलट दिशेने फिरवला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा बसला. या आटीला आजही बी.एस.ए. म्हणतात, बर्मिंगहॅमच्या त्या बंदुका करणाऱ्या कंपनीवरून. इंचाला २४ आट्या, चेनीच्या बाजूला उलटी, नाहीतर पॅडल मारता मारता कप सैल होत जातो. फ्रेम पोलादाची होती ती कार्बनची झाली, आटी शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

त्यानंतर नातवाने मिस्त्रींना मागच्या चाकाचा आऊट काढायला दिला. सकाळी हात लावू देत नव्हता. आता "काका, तुम्हीच बघा" म्हणाला. नखाची टोक रिमला टेकवून त्यांनी तो काढला. स्टेमचे बोल्ट मात्र नातवाने टॉर्कच्या पान्याने, पाच न्यूटन-मीटरवर, स्वतः आवळले. मिस्त्रींना तो पाना फार आवडला. 'कट्' वाजला की थांबायचे! "आमचा कट् मनगटात हाय," एवढेच म्हणाले.

मग त्यांनी फ्रेम बाजारात माठ वाजवावा तशी बोटाने वाजवली. नातू चकित झाला, कारण कार्बन तपासायची तीच पद्धत आहे. नाण्याने टकटक करायचे. आवाज मध्येच बद्द झाला तर आत थर सुटलेत असे समजायचे. दगडाचा मार लागला तर वरून काही दिसत नाही आणि आत तडा असतो. "आन् तडकली तर?" त्यांनी विचारले. दुरुस्त होते, पण शहरात पाठवावी लागते, नातू म्हणाला. १९७९ साली माझा चिमटा घाटात तुटला होता. त्याच संध्याकाळी वेल्डरने पितळेची झाळ मारून दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत वेळेवर होतो. हे त्या काळ्या फ्रेमचे एक दुखणे मला राहून राहून बोचते आहे. घाट चढवील ती, पण घाटात मोडली तर तिचे इथे कोणी नाही.

कार्बन म्हणजे तरी काय? आपली कोळशाची भट्टीच. हवा कोंडून लाकूड तापवले की कोळसा उरतो. तसे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या कुळातले तंतू हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवतात. केसाहून कितीतरी बारीक असे काळे धागे उरतात. त्यांचे कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर द्यायचे आणि भाजायचे. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधले. ग्रेग लेमाँडने १९८६ ची टूर द फ्रान्स कार्बनच्या सायकलवर जिंकली. पण पहिला उपयोगी कार्बनचा धागा त्याच्याही फार आधीचा, एडिसनच्या दिव्यातला. १८८० मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एका पंख्याच्या काठाचा बांबू जाळून पाहिला आणि तो सरस ठरला. मग जपानमधल्या क्योटोजवळचा बांबू आणून वर्षानुवर्षे दिव्यांत वापरला.

बांबू! इथे आमचे कान टवकारणारच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू आम्ही पिढ्यान् पिढ्या बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाताना पाहिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना मिळाला, तोवर गावाच्या दारातला बांबू गावाचा नव्हता. २०१७ मध्ये तर कायदा बदलून वनाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. आणि बांबूच्या सायकली काही कल्पनेतल्या नाहीत. इंग्लंडात १८९४ लाच त्या निघाल्या होत्या. लेमाँडला १९९१ मध्ये कार्बनच्या फ्रेम करून देणारा क्रेग कॅल्फी, त्यानेच १९९५ मध्ये बांबूची सायकल केली. सांधे राळेत भिजवलेल्या तंतूंनी गुंडाळून, म्हणजे कार्बनचीच रीत. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेल्या शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावाने तशा सायकली घडवल्या.

हे सारे मी रात्री नातवाला वाचून दाखवले. सकाळी तो घाटात गेला, न उतरता वर आला आणि मिस्त्रींना एक फेरी मारायला लावली. परतताना दोघे हिशेब करत होते. बांबू कोवळा नको, तीन वर्षांच्या पुढचा हवा. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात ठेवायचा. उन्हात वाळवला तर तडकतो.

परसातल्या मानवेलाचे सहा तुकडे आता गोठ्याच्या आढ्याला टांगलेले आहेत. वाळायला उन्हाळा लागेल. चिमटा मात्र लोखंडाचाच, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे, आणि नातवाने ते फोनवर मान्य केले आहे.