ब्रागांझा वाडा, चांदोर

दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील पोर्तुगीजकालीन वाडा. चांदोर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. दुमजली, लांबलचक दर्शनी भागाला ओळीने खिडक्या आहेत.

वाड्याच्या दोन बाजू दोन शाखांच्या: मिनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा. दोन्हीकडे आजही घरची माणसे राहतात; तिकिटाऐवजी देणगी स्वीकारतात.

पाहुण्याला नृत्यदालन, झुंबरे, कोरीव शिसवी खुर्च्या आणि चिनी मातीची भांडी दिसतात. परेरा शाखेच्या खासगी देवघरात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे नख अवशेष म्हणून जपले आहे. दुसऱ्या बाजूच्या ग्रंथालयाचे नाते लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांच्याशी आहे. पोर्तुगीज सत्तेवर टीका करणाऱ्या या पत्रकाराने १९०० मध्ये ‘ओ हेराल्दो’ दैनिकाच्या स्थापनेत भाग घेतला.