तळटीप : ‘टीपीओ सर’

* पॉलिटेक्निकमधील प्रशिक्षण व नियुक्ती अधिकारी. लेखक त्यांना ‘नोकरी देणारे सर’ म्हणतो. नोकरी कंपनीच देते, सर मुलाखतीची तयारी करून घेतात आणि कंपन्यांच्या मागे लागतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या जवळचे आपल्याकडे पॉलिटेक्निकच : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग नोकरी किंवा अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तिसरी वाट उमेदवारीची. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात पदविकाधारक १९७३च्या दुरुस्तीने आले. त्यांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. हे पुष्कळ मुलांना निकालानंतरच कळते.